पुराच्या रेघेखालची भिंत

प्रति,
सांगली जिल्ह्यातील महानगरपालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती आणि ग्रामपंचायती यांच्या बांधकामांची अंदाजपत्रके व निविदा तयार करणाऱ्या सर्व अभियंत्यांस,

विषय: राडारोड्यापासून केलेल्या हलक्या ब्लॉकांच्या टिकाऊपणाची अट निविदेत घालण्याबाबत.

महोदय, महोदया,

पाडकामातून निघालेला राडारोडा दळून, त्यात सिमेंट आणि फेस कालवून केलेल्या हलक्या ब्लॉकांबद्दल हे पत्र आहे. असे ब्लॉक सरकारी कामांत वापरू नयेत हे सांगण्यासाठी मी ते लिहीत नाही; उलट ते वापरले जावेत असे मला मनापासून वाटते आणि म्हणूनच पहिल्याच पुरात त्यांची बदनामी होऊ नये याची काळजी वाटते. ब्लॉक चाचणीत पास झाला म्हणजे तो टिकणार, असे आपण सगळेच धरून चालतो. तो किती भार घेतो हे आपण तपासतो. आठवडाभर कृष्णेच्या पाण्यात उभा राहून, वाळून, पुन्हा भिजल्यावर त्याचे काय होते हे मात्र तपासत नाही. सांगलीत या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात, हे मी स्वतःच्या घरामागच्या भिंतीवर पाहिले आहे.

बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे केंद्र सरकारचे नियम २०१६ साली आले. महापालिका आणि सरकारी कामांच्या कंत्राटांत अशा कचऱ्यापासून केलेल्या साहित्याचा काही हिस्सा, साधारण १० ते २० टक्के, सक्तीचा करावा असे त्यांत सुचवले आहे. पण त्याच वाक्यात ‘कडक गुणवत्ता नियंत्रणाच्या अधीन राहून’ अशीही अट आहे. माझा अनुभव असा, की या वाक्याचा पूर्वार्ध बैठकांत वाचला जातो आणि उत्तरार्ध फाइलमध्ये राहतो. आता २०२५ चे नवे नियम आले आहेत, त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली आहे, आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक म्हणून टाकली आहे. मोठ्या शहरांतून निघालेली ही लाट आपल्याकडे यायला वेळ लागणार नाही. ती येण्याआधी निविदेतल्या दोन-तीन ओळी बदलून घेता आल्या तर पुढची बरीच दुरुस्ती वाचेल.

आता भिंतीची हकिगत सांगतो. २०१७ साली मी गावभागाच्या बाजूला, नदीपासून फार लांब नसलेल्या माझ्या घरामागे कार्यालयाची एक खोली आणि सामानाची एक खोली बांधली. ब्लॉक एका लहान कारखानदाराकडून घेतले. त्यांचे नाव इथे देत नाही, कारण चूक जितकी त्यांची तितकीच ती माझीही होती. फेस मिसळून केलेल्या काँक्रीटच्या ब्लॉकांत वाळूऐवजी राडारोड्याची भुकटी घालण्याचा प्रयोग ते करत होते आणि मला त्याचे फार कौतुक वाटले. पहिला लॉट एका जुन्या गोदामाचा स्लॅब फोडून निघालेल्या काँक्रीटचा होता. त्याची पूर्वेकडची भिंत झाली. दुसरा लॉट दुकानांच्या नूतनीकरणातून निघालेल्या मिश्र राडारोड्याचा होता, त्यात विटा, गिलावा, फरशीचे तुकडे आणि छताचे पीओपी सगळेच होते. त्याची पश्चिमेकडची भिंत झाली. दोन्ही लॉटचे ब्लॉक मी २८ दिवसांनी दाबून पाहिले. दोन्ही पास झाले. दुसऱ्या लॉटचा आकडा तर पहिल्यापेक्षा किंचित वरचा निघाला, आणि तेव्हा मी समाधानाने मान डोलावल्याचे मला चांगले आठवते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची खूण ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, त्यामुळे त्या आठवड्यात काय झाले हे सांगलीकरांना सांगण्याची गरज नाही. माझ्या त्या दोन खोल्यांत छातीइतके पाणी जवळजवळ आठवडाभर उभे होते. पाणी ओसरल्यावर गाळ काढला, भिंती धुतल्या, दारे-खिडक्या उघड्या टाकल्या. दोन्ही भिंती तेव्हा सारख्याच दिसत होत्या. दिवाळीच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर बोटाने टकटक केली की आतून पोकळ आवाज येऊ लागला. संक्रांतीपर्यंत तिच्यावर लोणा, म्हणजे क्षारांचा थर, फुटला, पिठासारखा पांढरा. पुसला की आठ दिवसांत पुन्हा येई. उन्हाळ्यात गिलाव्याचे पोपडे नव्हे, अख्खे पापुद्रे सुटून खाली आले आणि आतल्या ब्लॉकवर किल्लीने ओरखडा काढला तर भुकटी झडू लागली. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की सर्वांत जास्त नुकसान तळाच्या थरांत, जिथे पाणी सर्वांत जास्त दिवस होते तिथे, झाले नव्हते. ते पुराच्या रेघेच्या वर, वीतभर पट्ट्यात झाले होते.

पूर्वेच्या भिंतीलाही ओल होती, जानेवारीपर्यंत टिकली, लोण्याचा एक फिकट पट्टाही उमटला. पण ती वाळल्यावर घट्टच राहिली आणि आजही उभी आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले तेव्हा पश्चिमेच्या भिंतीचे मधले तीन थर इतके खाल्ले गेले, की ती मी उतरवून घेतली.

दोन्ही लॉटचे काही ब्लॉक शिल्लक होते. ते मी घरात वाळवून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलले, पिंपात २४ तास बुडवले, फडक्याने पुसले आणि पुन्हा तोलले. पहिल्या लॉटचा ब्लॉक १२ किलो ४०० ग्रॅमवरून १४ किलो २०० ग्रॅमवर गेला. दुसऱ्या लॉटचा ११ किलो ८०० ग्रॅमवरून १५ किलो ४०० ग्रॅमवर. वजनाच्या ३० टक्के पाणी त्याने एका दिवसात ओढले होते. घन आणि पोकळ काँक्रीट ब्लॉकांसाठी आयएस २१८५ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात पाणी शोषणाची मर्यादा १० टक्के आहे. साध्या भाजलेल्या विटेला २० टक्के चालते. हे साधे तोलण्याचे काम मी भिंत बांधण्याआधी करायला हवे होते, कारण त्याला ना प्रयोगशाळा लागते ना पैसे. हा आकडा वजनाच्या हिशेबातही मांडून पाहावा: १० फूट लांब आणि १० फूट उंच अशा सहा इंची भिंतीत त्या ब्लॉकांनी सुमारे ४०० किलो पाणी धरले असते. हलका ब्लॉक म्हणून खालचे बीम आपण कोरड्या वजनावर काढतो, हे इथे सांगायला हवे.

असे का झाले, हे नीट समजून घेतल्याशिवाय निविदेत घालायची अट नेमकी लिहिता येणार नाही, म्हणून थोडे खोलात जातो.

हलक्या ब्लॉकचा हलकेपणा त्याच्या आतल्या बुडबुड्यांत असतो. अनारशाला जाळी पडते तशी ही जाळी असते. पण अनारशाची जाळी आरपार असते, आणि ब्लॉकमधला प्रत्येक बुडबुडा शेजाऱ्यापासून वेगळा, स्वतःपुरता बंद असायला हवा. बुडबुडे बंद असतील तर ब्लॉक हलका असूनही पाणी आत जायला वाट सापडत नाही. राडारोड्याच्या भुकटीची अडचण इथेच सुरू होते. जुन्या काँक्रीटच्या कणांना जुनाच सिमेंट-गिलावा चिकटलेला असतो आणि तो स्पंजासारखा पाणी पितो. आपल्या काळ्या पाषाणाची खडी पाणी जेमतेम शोषते. राडारोड्याची खडी त्याच्या कित्येक पट शोषते. जपानच्या मानकांत पुनर्वापराच्या खडीचे तीन वर्ग मुख्यतः याच कसोटीवर पाडले आहेत: जाड खडीचे पाणी शोषण ३ टक्क्यांपर्यंत असेल तर उत्तम, ५ पर्यंत मध्यम, ७ पर्यंत कनिष्ठ. बारीक भुकटीत ही तहान आणखी वाढते. भुकटी आधी भिजवून घेतली नाही तर मिक्सरमध्ये पडल्याबरोबर ती फेसातलेच पाणी ओढते, बुडबुडे फुटतात, एकमेकांत मिसळतात आणि बंद कोठड्यांची चाळ होते. असा ब्लॉक दाबून पाहिला तर भार घेईल, कारण कोरड्या अवस्थेत आडव्या-उभ्या भिंतींची ताकद शाबूत असते. पाण्याला मात्र आतून रस्ता मोकळा झालेला असतो.

दुसरा आणि माझ्या मते अधिक गंभीर भाग म्हणजे पीओपी. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्समच, आणि जिप्सम म्हणजे कॅल्शियमचे सल्फेट. सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी पाण्याच्या साक्षीने त्याची क्रिया होते आणि एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक तयार होतात, जे मूळ घटकांपेक्षा जास्त जागा मागतात. ओल मिळेपर्यंत हे सगळे निजून असते. म्हणून माझा दुसरा लॉट २८ दिवसांच्या चाचणीत पास झाला. थोडे सल्फेट सुरुवातीच्या ताकदीला मदतही करते. त्याला जाग आली ती आठवडाभराच्या पुराने. दाबयुक्त वाफेवर शिजवलेल्या एएसी ब्लॉकांत जिप्सम मुद्दाम घालतात, हे खरे. पण ते मोजून, ठरलेल्या प्रमाणात घालतात. छताच्या तुकड्यांतून किती आले हे कोणी मोजलेले नसते.

तिसरा भाग आपल्या मातीचा आहे. मिरज, पलूस, वाळवा या तालुक्यांत पाण्याच्या अतिवापराने जमिनी क्षारपड झाल्या, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण त्याच क्षारांचे पाणी जोत्यातून भिंतीत चढते, हे आपण अंदाजपत्रकात धरत नाही. पाणी केशाकर्षणाने वर जाते, हवा लागेल तिथे वाफ होऊन निघून जाते आणि क्षार मागे राहतात. तळाचे थर ओलेच राहतात, म्हणून तिथे क्षार विरघळलेले असतात. ते गोठतात ओल्या आणि कोरड्याच्या सीमेवर, गिलाव्याच्या मागे. तिथे स्फटिक वाढतो आणि ब्लॉकच्या छिद्राला आतून रेटतो. माझ्या भिंतीचा वीतभर पट्टा का खाल्ला गेला, याचे उत्तर यात आहे. परदेशातल्या टिकाऊपणाच्या चर्चेत बर्फ गोठण्या-वितळण्याच्या चाचण्यांना मोठे स्थान असते. आपल्या भिंतींना बर्फ माहीत नाही, पण भिंतीच्या छिद्रात वाढणारा स्फटिक बर्फाचा असो की क्षाराचा, रेटा सारखाच.

एवढे वाचून कोणी ‘मग हा उद्योगच नको’ असे म्हणेल तर ते चूक ठरेल. तुटक्या विटेचा पुनर्वापर ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. गच्चीवरचा कोबा विटांच्या तुकड्यांचाच असतो. विटेची भुकटी म्हणजे सुरखी. ती चुन्यात घालून दगडी चाकाच्या घाणीत मळून केलेल्या बांधणीवर जुनी धरणे आणि वाडे उभे राहिले. सुरखीचे गमक असे, की कमी भाजलेल्या मातीची बारीक भुकटी चुन्याशी संयोग पावून सिमेंटसारखीच घट्ट होते. फार कडक भाजलेल्या विटेत हा गुण कमी होतो. म्हणजे जुन्या वाड्याची नरम गावठी वीट, जी राडारोड्यात सर्वांत टाकाऊ समजली जाते, ती नीट दळली तर ब्लॉकला सर्वांत उपयोगी पडू शकते. अट एवढीच, की वाड्याच्या भिंतीतली पांढरी माती तिच्याबरोबर येता कामा नये, कारण माती पाण्यात फुगते आणि भार घेत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत पडलेल्या शहरांच्या विटा दळून काँक्रीट केले गेले आणि १९५१ साली त्यासाठी डीआयएन ४१६३ हे स्वतंत्र मानक काढले गेले. नाइलाजाने सुरू केलेल्या कामालाही त्यांनी नियमात बसवले, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते.

भिंत हलकी असण्याचे मोल तर आपल्या भागाइतके दुसऱ्या कोणाला कळणार? ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा. दगड-मातीच्या जड भिंतींनी माणसे चिरडली. भूकंपाचा रेटा वजनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वरच्या मजल्यावरची भिंत निम्म्या वजनाची झाली तर सगळ्या सांगाड्याचा भार उतरतो. वाईजवळच्या पसरणीचे बी. जी. शिर्के यांनी १९७० च्या दशकात पुण्यात सिपोरेक्स या एएसी ब्लॉकचे उत्पादन सुरू केले. जुने गवंडी अजूनही कोणत्याही हलक्या पांढऱ्या ब्लॉकला सिपोरेक्सच म्हणतात, मग तो वाफेवर शिजवलेला असो की शेडमध्ये पाणी मारून वाळवलेला. हा नावाचा घोळ मात्र निविदेत शिरता कामा नये. वाफेच्या मोठ्या दाबाखाली, १८० ते २०० अंश तापमानात कित्येक तास राहिलेल्या ब्लॉकमध्ये स्थिर स्फटिकांची बांधणी तयार होते आणि त्याचे आकुंचन बरेचसे कारखान्यातच उरकते. फेसाच्या ब्लॉकचे आकुंचन आपल्या भिंतीत बसल्यावर चालू राहते. आकुंचनाचा आकडा ०.०५ टक्के असला तरी ३ मीटर लांब भिंतीत तो दीड मिलिमीटर होतो, आणि खांबालगतची ती उभी चीर पाहून घरमालक पहिल्यांदा गवंड्याला शिव्या देतो. राडारोड्याची भुकटी दोन्ही प्रकारांत घालता येते, पण दोन्हींना एकच अट लावून चालणार नाही.

आता मागणी. ती लहान आहे आणि आपल्या अधिकारातली आहे.

राडारोड्याच्या हलक्या ब्लॉकांच्या प्रत्येक लॉटसाठी, म्हणजे कच्च्या मालाचा स्रोत बदलला की दरवेळी, ओल्या-सुक्याची एक चाचणी बंधनकारक करावी. दहा ब्लॉक घ्यावेत. पाच कोरड्यात ठेवावेत. पाच ब्लॉक सात दिवस पाण्यात आणि सात दिवस वाऱ्यावर, असे सहा फेरे करावेत. पाणी नळाचे न घेता ज्या जागेवर काम आहे तिथल्या विहिरीचे किंवा बोअरचे घ्यावे, कारण क्षार तिथेच आहेत. बारा आठवडे लागतील. प्रत्येक फेऱ्यानंतर वजन आणि लांबी लिहावी, कडा झडतात का ते पाहावे आणि शेवटी दहाही ब्लॉक दाबावेत, फेरे झालेले पाच पुन्हा भिजवून ओलेच असताना. ओल्याची ताकद कोरड्याच्या दोन-तृतीयांशाखाली गेली तर तो लॉट जोत्याजवळच्या कामाला घेऊ नये. दोन-तृतीयांश हा आकडा माझा अंदाज आहे. आपण अनुभवाने तो वर-खाली करावा, पण काहीतरी आकडा असू द्यावा. लोण्यासाठी वेगळे काही शोधायला नको, भाजलेल्या विटेसाठी आयएस ३४९५ मध्ये चाचणी आहेच: वीट २५ मिलिमीटर पाण्यात उभी करायची, पाणी संपू द्यायचे, पुन्हा भरायचे आणि पृष्ठभागावर किती पांढरे उमटले ते पाहायचे. तीच ब्लॉकला लावावी. विश्रामबागेतल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातही हे काम होण्यासारखे आहे. आणि बारा आठवड्यांच्या नोंदी एका वहीत साठत गेल्या तर पाच वर्षांत कोणत्या भुकटीचा ब्लॉक कृष्णाकाठी टिकतो याची अशी माहिती आपल्याकडे तयार होईल, जी कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

कारखानदार म्हणतील, बारा आठवडे आम्ही माल अडवून ठेवायचा का? प्रश्न रास्त आहे. माल अडवू नये. चाचणी चालू असताना तो वरच्या मजल्यांना द्यावा.

यातूनच दुसरी मागणी निघते, आणि तीच मला सर्वांत जिव्हाळ्याची आहे. प्रत्येक प्रभागातली २०१९ ची पुराची रेघ अजून कुठे ना कुठे भिंतीवर, खांबावर किंवा लोकांच्या आठवणीत आहे. ती रेघ आराखड्यावर काढावी आणि जमिनीपासून तिच्या वर फूट-दीड फुटांपर्यंत फेसाचा हलका ब्लॉक वापरू नये, राडारोड्याचा असो वा नसो. तिथे काळा दगड, घन काँक्रीट ब्लॉक किंवा चांगली भाजलेली वीट असावी. त्याच्या वर खुशाल हलका ब्लॉक चढवावा. तिथे त्याला पावसाच्या सरीपलीकडे काही सोसायचे नाही आणि भूकंपात त्याचा फायदाच आहे. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, काकानगर या भागांत एखादी अंगणवाडी बांधताना हा एवढा फरक केला तर खर्चात फार फरक पडत नाही. जिथे कृष्णेचा पूर पोहोचत नाही, म्हणजे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या बाजूला, तिथे ही रेघ जोत्यावर आणावी आणि ओलरोधक थर चोख ठेवावा. क्षार तिथल्या भूजलातही आहेत.

सळईबद्दल एक सावधगिरी. नव्या काँक्रीटमध्ये अल्कली भरपूर असते आणि तीच सळईला गंजापासून वाचवते. हवेतला कार्बन डायऑक्साइड ही अल्कली हळूहळू मारतो. सच्छिद्र ब्लॉकमध्ये हा वायू लवकर आत जातो, आणि जुन्या काँक्रीटची भुकटी तर बरीचशी आधीच मेलेली असते. त्यामुळे हलक्या ब्लॉकांच्या खाचेतून सळई नेऊन तिथेच पट्टी ओतण्याची जी पद्धत आहे, तिथे ओतायचे काँक्रीट नेहमीच्या खडीचे आणि पुरेशा आवरणाचे हवे. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत सळईच्या काँक्रीटमध्ये पुनर्वापराच्या खडीला २० टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ या ताकदीच्या दर्जापर्यंतच मुभा दिली आहे, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, आणि जोत्याखालच्या कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के. ही उतरंड विचार करूनच ठेवलेली आहे. ती उलटी करू नये.

गिलाव्याबाबत गवंड्यांशीच बोलायला हवे. मऊ ब्लॉकवर कडक गिलावा म्हणजे पापडावर फरशी. एकास चारचा सिमेंट गिलावा आकसताना ब्लॉकची कातडी सोबत घेऊन येतो, आणि वर प्लास्टिक रंग फासला तर आतल्या ओलीला बाहेर पडायला जागा उरत नाही. एकास सहा, त्यात जमल्यास थोडा चुना, आणि बाहेरून श्वास घेऊ देणारा रंग एवढे पुरे असते. माझ्या पश्चिमेच्या भिंतीला मी हा धडा दिला नव्हता, हेही कबूल करतो.

शेवटी पाडकामाचे. चांगला ब्लॉक कारखान्यात होत नाही, तो पाडकामाच्या जागेवर होतो. २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टनांहून किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्यांवर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असे चार ढीग वेगळे करण्याची जबाबदारी टाकली आहे. आपल्याकडचे पाडकाम बहुधा त्याहून लहान असते, म्हणून ते या अटीतून सुटते आणि ट्रॉलीत सगळे एकत्र जाते. पाडकामाच्या परवानगीच्या कागदावर एक ओळ वाढवावी: छताचे पीओपी आणि जिप्समचे बोर्ड आधी उतरवून पोत्यांत वेगळे भरल्याशिवाय हातोडा लावू नये, सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते न फोडता उतरवावेत, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची भुकटी कोणत्याही ब्लॉकमध्ये जाता कामा नये. दोन बिगाऱ्यांचे एका दिवसाचे हे काम आहे. ते झाले असते, तर माझा दुसरा लॉटही कदाचित उभा राहिला असता.

माझ्याकडे त्या दोन लॉटांचे अकरा ब्लॉक अजून आहेत, सहा पहिल्याचे आणि पाच दुसऱ्याचे. प्रत्येकावर लॉट, तारीख आणि कोरडे वजन मार्करने लिहिलेले आहे. आपल्यापैकी ज्या विभागाला ओल्या-सुक्याची चाचणी एकदा करून पाहायची असेल, त्यांनी पिकअप पाठवावी. ब्लॉक मी तोलून, नोंद करून हवाली करीन. पूर्वेची भिंत मात्र जागेवरच पाहावी लागेल. ती पाहायला शक्यतो पावसाळ्यात यावे, तेव्हा तिच्यावरची ओल कुठपर्यंत चढते ते दिसते.

कळावे,
आपला,
एक बांधकाम सल्लागार अभियंता
सांगली